जुन्या फोटोतला ठिपका

सोम. ९ मार्च १९९८

कुसुमचा छातीचा फोटो आला. खोकला तीन आठवड्यांचा. थुंकी तपासली होती, टीबी नाही, म्हणून मी निर्धास्त. डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. उजवी बाजू, वर, गळ्याच्या हाडाखाली बोटभर. वाटाण्याएवढा पांढरा ठिपका.

मी विचारलं, काय आहे हे? म्हणाले, जुनं काहीतरी भरून आल्याची खूण असेल, नाहीतर नवीन काही उगवत असेल. एका फोटोवरून कळत नाही. मग गुजरातीत, अगदी सहज, "जूनो फोटो लावो ने. एमां आ डाघ होय तो भूली जाव."

"म्हणजे जुन्या फोटोत हा डाग असला तर विसरायचं. आणि नसला तर?"

चष्मा पुसत बसले. नसला तर मुंबई. छातीत सुई घालून तुकडा काढतात, त्यातही धोका. किंवा तीन महिने थांबायचं, परत फोटो. पण नवीन असेल तर तीन महिने फार झाले. ते बाहेरगावी चाललेत. २० तारखेला ११ वाजता नंबर दिला.

कुसुम बाहेर बाकावर. काय म्हणाले? म्हटलं, जुना फोटो मागितलाय. "आपला शे ना तो प्लेगमधला," ती म्हणाली. खरंच की! ९४ सालचा. अर्धं सुरत भुसावळच्या गाडीला लटकलं होतं आणि आम्ही सरकारी दवाखान्याच्या रांगेत, हिला ताप आणि खोकला म्हणून. फोटो काढला, प्लेग नाही म्हणाले, फोटो हातात देऊन घरी पाठवलं. मी काही फेकत नाही, यावरून रोज बोलणी खातो. म्हटलं, आज दाखवतो हिला.

बमरोलीला घरी येईपर्यंत रिक्षात मी चक्क शीळ घालत होतो.

कपाटामागून पाकीट ओढलं. फोटो आहे. खांदे आहेत, मणके आहेत, कडेच्या बरगड्या आहेत. मध्ये दोन मोठ्या खिडक्या. फुफ्फुसं नाहीत.

मीच कापली. ९५ च्या दिवाळीत, ग्रहणाला. सूर्य बघायला फिल्मचा काळ्यात काळा भाग लागतो, आणि छातीच्या फोटोत सगळ्यात काळं काय, तर फुफ्फुसं. शास्त्राच्या मास्तरने शास्त्र लावून नेमकी तीच काढली! अक्कल शेण खायला गेली होती.

आतून कुसुम, "सापडला का?"

"शाळेत असेल," मी म्हणालो. पाकीट परत कपाटामागे.

मंगळ. १०

९५ ची वही काढली. २४ ऑक्टो. ची नोंद जशीच्या तशी:

"ग्रहण उत्तम दिसलं. गच्चीवर पंधरा मुलं. चष्मे तीन. प्रत्येकात दोन पट्ट्या, उजवीची अन् डावीची एकावर एक, पुठ्ठ्यात चिकटवून. एक शाळेला ठेवला. एक मंगला बोरसे, एक सरला कोळी, दोघींनी वेळांच्या नोंदी चोख ठेवल्या म्हणून बक्षीस. कुसुम खोलीतून बाहेर आली नाही. तिची साडीचे धागे कापायची कातर बोथट केली म्हणून बोलणी खाल्ली."

हिशेब सोपा. प्रत्येक फुफ्फुसाच्या तीन आडव्या पट्ट्या, वरची, मधली, खालची. मला हवी उजवीची वरची. तीनपैकी एका चष्म्यात ती असणारच. कापलेला सांगाडा घरी आहे, त्याच्या कडेला पट्टी लावून पाहिली की कळेल कुठली.

दु. शाळेचं कपाट. खडूंचे खोके, तुटका पृथ्वीगोल, झुरळं. चष्मा तळाशी मिळाला. घरी कुसुम पाण्याला गेली तेवढ्यात सांगाड्याला लावला. खालची पट्टी. पोटाच्या पडद्याचा गोल उंचवटा स्पष्ट दिसतो.

राहिले दोन.

बुध. ११

फळ्यावर सोपा भागाकार चुकलो. मुलींनीच दाखवला. मु.अ. दारातून बघत होते. म्हणाले, "पाटीलसर, बरं नाही का?" म्हटलं, होळीचा थकवा. होळी उद्या आहे.

गुरु. १२, होळी

चाळीपुढे होळी पेटली. आमच्या वैशूच्या गळ्यात साखरेचा हार, तोंड चिकट. शेजारचे भिकामामा (पांडेसऱ्याला मागावर आहेत, बावन्न वर्षांचे, आवाज मागापेक्षा मोठा) ट्रान्झिस्टर कानाला लावून आले आणि होळीपुढेच ओरडले, "सर, आभायमाईन धोंडा येई राहिना म्हणे!"

बातमी खरी आहे. मी स्वतः ऐकली. मैलभर रुंदीचा लघुग्रह. तीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२८ मध्ये, पृथ्वीच्या फार जवळून जाणार. आदळेल का? शक्यता कमी, पण नाही म्हणून सांगता येत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शास्त्राचा मास्तर म्हणजे जसं काही मीच सोडलाय तो. नारळ होळीत टाकून बायका तिथेच उभ्या. मामा म्हणाले, "पडी का नही पडी, येवढं सांगा."

म्हटलं, उद्या पेपर आल्यावर सांगतो. खरं म्हणजे मला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर कोणीतरी द्यावं असं वाटत होतं.

कुसुम धुराने खोकली. खोकत खोकत पदर तोंडाला लावून घरात गेली. मी मागे गेलो तर म्हणाली, "माले काई व्हत नही. तुम्ही लोकांना धोंडा सांगा."

शुक्र. १३, धुळेटी

गुजराती पेपरात पहिल्याच पानावर. चंद्राच्या कक्षेच्या पुष्कळ आतून जाणार. चित्र काढलंय, पेटलेला गोळा आणि खाली घरं. ज्याने काढलं त्याला वर्गात अंगठे धरून उभं करावं.

रंगाने माखलेले दहाबारा जण ओट्यावर. सांगावंच लागलं. कोळशाने जमिनीवर काढून दाखवलं. म्हटलं, हा दगड पहिल्यांदा दिसला तीनेक महिन्यांमागे. म्हणजे त्याच्या रस्त्याचा एवढासा तुकडा आपल्याला माहीत. त्या तुकड्यावरून पुढची तीस वर्षं काढायची. इथे केसाएवढी चूक, तिथे लाखो मैलांची. म्हणून शास्त्रज्ञ एक रेघ काढत नाहीत, लांबट पट्टा काढतात. दगड त्या पट्ट्यात कुठेतरी असेल. पृथ्वी त्या पट्ट्याच्या काठाशी आली तरी धोका आहे असं म्हणावं लागतं.

मामा, "म्हणजे त्यांना ठाऊक नाही."

"ठाऊक नाही किती, ते ठाऊक आहे."

"हे बरं शे!" सगळे हसले. मग कोणीतरी विचारलं, मग कळणार कसं? म्हटलं, दोन रस्ते. एक, वाट पाहा, दगड पुढे सरकेल तसा रस्ता नक्की होईल. दुसरा, मागे जा. पूर्वी कोणी आकाशाचे फोटो काढले असतील, त्यात कुठे कोपऱ्यात हा ठिपका नकळत आला असेल, तर...

वाक्य अर्धंच सोडलं. उठून पाणी प्यायलो. लोकांना वाटलं भांग चढली.

मामा विषय सोडीनात. "प्लेगलाबी तुम्ही म्हणाले होते, पळू नका. मी पळालो, तरी जगलो. तुम्ही राहिले, तरी जगले. मग तुमच्या शास्त्राचा फायदा काय?" तेव्हा मी शास्त्रामुळे राहिलो नव्हतो, कुसुम रांगेत होती म्हणून राहिलो होतो.

वैशूने पाटीवर वयं मांडली. "पप्पा, २०२८ ला मी चाळीस. तुम्ही सत्तर. मामा ब्याऐंशी."

"मी तोवर राहत नाही, माझी चिंता मिटली," मामा.

"आणि आई पासष्ट!"

कुसुम दारात साड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती, लोंबते धागे कापत. कातर क्षणभर थांबली. मग म्हणाली, "पासष्टीला मी गावाला राहीन, कपाशीकडे बघत. धोंडा पडला तर सुरतवर पडू दे." परत हसू. मी हसलो नाही, ते तिने पाहिलं.

शनि. १४

काल छापखाने बंद, म्हणून आज पेपर नाही. अख्ख्या बमरोलीला एक दिवस पुढचं काही कळणार नाही. दळणाच्या गिरणीत एक बाई म्हणे, धोंडा पडणार तर घरांची भरपाई सरकार आधीच देऊन टाकेल का? कशाची भरपाई, बाई!

अर्धी शाळा करून पर्वत पाटियाला गेलो. मंगला बोरसेचं घर शोधायला दीड तास. वडील मार्केटात कापडाचे तागे वाहतात. मंगला आता नववीत, उंच झालीय, मला पाहून आधी गोंधळली, मग पाया पडली. म्हटलं, ग्रहणाचा चष्मा आहे का गं? आईच म्हणाली, "आहे ना सर, खिडकीला लावलाय." स्वयंपाकाच्या खोलीत फुटक्या काचेच्या जागी खिळ्याने ठोकलेला. धुराने तेलकट.

काढून दिला बिचारीने. मी खिशातून नवीन पुठ्ठा काढून तिथे ठोकून दिला. चहा घ्यावा लागला. चष्मा पुसून तिथेच उजेडाला धरला. सांगाडा सोबत नव्हता, पण गरजच नव्हती. दोन्ही पट्ट्यांत नुसत्या बरगड्या, वर हाड नाही, खाली पडदा नाही. मधली.

"सर, काय बघताय?" मंगला.

"तुझ्या काकूंची छाती," असं तोंडातून जाणार होतं. "काही नाही, काळेपणा टिकलाय का ते बघतोय." नववीतली पोर आहे, तिला पटलं नाही.

म्हणजे सरलाकडेच. एका अर्थी बरं झालं, आता शोध एकाच जागी. आणि तिने टाकला असेल तर संपलं. बसमध्ये हेच दोन विचार आलटून पालटून.

रवि. १५

पेपर आला. धोका टळला!

दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. कोणीतरी आठ वर्षांपूर्वीचे आकाशाचे फोटो उपसले. त्यात तो ठिपका होता. तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता. आठ वर्षांमागची जागा मिळाली, रस्ता नक्की झाला, तो लांबट पट्टा आखडला आणि पृथ्वी त्याच्या पार बाहेर राहिली. दगड चंद्राच्या दुपटीहून लांबून जाणार. बातमी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी निकाल लागला होता. आम्ही सुरतेत पेपर नाही म्हणून उगाच घाबरून बसलो होतो.

मामांचा चेहरा पडला. त्यांनी काल गावाला पत्र टाकलंय, सगळ्यांनी यंदा जत्रेला एकत्र या म्हणून. "जाऊ द्या, येतील तर खरं," म्हणाले. मग अचानक, "पण सर, धोंडा तर काल होता तिथेच शे ना? त्याच्यात काय फरक पडला?"

"काही नाही. फरक आपल्या माहितीत पडला."

"मग मी घाबरलो होतो ते कशाला?"

मागे कुसुम उभी होती. मला कळलं नाही कधीपासून. हातात साडी, साडीत कातर.

"जुन्या फोटोत ठिपका सापडला म्हणून सुटका झाली?" तिने विचारलं.

"हो."

"मग आपला जुना फोटो कुठे शे?"

मामा असून नसल्यासारखे उठले आणि निघून गेले. बोभाट्या माणूस, पण वेळ कळते.

सांगितलं. सगळं. ठिपका, मुंबई, सुई, नवीन उगवणं. ती डॉक्टरांच्या बाहेर बाकावर बसली होती तेव्हापासूनचं. कपाटामागून पाकीट काढून दाखवलं. तिने तो सांगाडा हातात घेतला, दोन खिडक्यांतून माझ्याकडे पाहिलं.

"मनी छाती कापी टाकी?"

म्हटलं, पोरांना ग्रहण दाखवायचं होतं.

"मनी कातर घेऊन."

"हो."

"सणाच्या दिवशी. मी म्हटलं होतं, कुणाचा का असेना, सणासुदीला माणसाचा फोटो कापू नये. तुम्ही म्हणाले, शास्त्राला सण नसतो."

म्हणालो असेन. नाही, म्हणालोच होतो.

मग ती हसली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "मनी छातीमाईन समदासनी सूर्य दखा," म्हणाली, "मीच नही दखा." खरंच, तिच्या छातीतून पंधरा पोरांनी सूर्य पाहिला आणि ही ग्रहण पाळून खोलीत.

दिवसभर बोलली नाही. साड्यांचे धागे तिपटीने कापले.

सोम. १६

आज बोलली. नीट, हळू. "आठ दिवस तुम्ही एकटे घेऊन फिरले. छाती मनी, आणि भीती तुम्ही लपवली. हे मी फोटो कापल्यापेक्षा मोठं धरते." मला वाटत होतं, तिला वाचवतोय. काय वाचवलं डोंबल! ती रोज माझा चेहरा बघून काहीतरी भलतंच समजत होती. तिला वाटलं, डॉक्टरांनी दिवस सांगितलेत.

पुढे विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले, शब्द न् शब्द सांगा." सांगितलं. ती गणित करते तशी बोटं मोजत होती. "म्हणजे ठिपका सापडला तर चांगलं, नाही सापडला तर वाईट. जगाचं उलटं. बाकीचे डाग जावा म्हणतात, मी डाग निघावा म्हणायचं."

"हो."

"मग निघू दे."

पदर खोचला आणि भाकरी थापायला बसली. मी आतल्या खोलीत जाऊन रडलो, लिहून ठेवतो.

मंगळ. १७

पलसाणा. सरलाचे वडील तिथल्या रंगाईच्या कारखान्यात, आवारातच खोली. बस हायवेला सोडते, पुढे रंगीत नाल्याच्या कडेने चालत. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, होळीला शिरपूरकडे गेलेत, गुरुवारी येतील. कुलूप साधंच होतं. मनात आलं ते लिहीत नाही.

खिडकीतून आत पाहिलं. पत्र्याची पेटी, चूल, कॅलेंडर. खिडकीला काच शाबूत आहे, एवढं बरं.

सातवीला आज दगडाचाच तास घेतला. तसंही डोक्यात दुसरं काही नाही. एका मुलीने विचारलं, सर, जुना फोटो सापडला नसता तर? म्हटलं, तर वाट बघितली असती. वर्षानुवर्षं? हो. तेवढी वर्षं सगळे घाबरून राहिले असते? म्हटलं, नाही गं, माणसं फार वेळ घाबरू शकत नाहीत, दळणं-कांडणं असतं. ती लिहून घ्यायला लागली. म्हटलं, हे पेपरात येणार नाही.

बुध. १८

काही नाही. कुसुमचा खोकला थोडा कमी. कमी झाला म्हणजे काय समजायचं? काहीच नाही. ठिपका खोकत नाही.

वैशूला कळलंय काहीतरी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करते, एरवी ढकललं तरी जवळ बसत नाही.

गुरु. १९

सरला भेटली.

स. अकराच्या बसने दोघं गेलो, कुसुमही. म्हणाली, "छाती मनी शे, मी येते." कुलूप निघालेलं. सरला चुलीपुढे. पंधरा वर्षांची, सातवीनंतर शाळा सुटली, घरचं बघते. मला पाहून उभी राहिली, काय करावं कळेना, हात पोलक्याला पुसले.

विचारलं. ती पेटीकडे गेली. पेटीत सगळ्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत वहीचा कागद, कागदात चष्मा. कोरा करकरीत. कागदावर तिच्या अक्षरात त्या दिवशीच्या नोंदी. चंद्र कडेला लागला ती वेळ, सर्वांत जास्त झाकला गेला ती वेळ, सुटला ती वेळ. शेवटी लिहिलंय, "ढग नव्हते."

मी हात पुढे केला. तिने दिला नाही.

"सर, हे परत घेणार?"

बक्षीस होतं ते. शाळेतलं एकुलतं एक. मी हात मागे घेतला. इतक्या वर्षांत मुलांना पट्टीने मारताना कधी अशी लाज वाटली नाही.

कुसुमच खाली बसली तिच्याजवळ. सांगून टाकलं सगळं, जसं शेजारणीला सांगतात तसं. हा फोटो माझा आहे, सरांनी कापला, आता त्यातला एक डाग बघायचाय, नाहीतर मुंबईला सुई टोचतील. सरला ऐकत होती. मग तिने चष्मा उजेडाला धरला, खूप वेळ. "काकू, हे तुम्ही?"

"हो, मीच."

"मला वाटायचं, ह्या ढगासारख्या रेघा आभाळातल्याच आहेत."

चष्मा कुसुमच्या हातात दिला. "वापस द्याल ना?" कुसुमने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. नोंदीचा कागद मात्र सरलाने ठेवून घेतला, बरं केलं.

घरी. सांगाड्याला लावला. बसला! वरची पट्टी. गळ्याचं हाड तिरपं, अगदी सांधा जुळतो. डाव्या-उजव्याचा घोळ मात्र आहे, दोन्ही एकावर एक चिकटल्या, पुसट एकमेकींत मिसळल्यात. मी खिडकीशी धरून पाहिलं. हाडाखाली बोटभर, तिथे काहीतरी फिकट आहे. गोल आहे. पुन्हा पाहिलं तर गोंदाचा फुगा वाटला. तिसऱ्यांदा नव्हताच. चौथ्यांदा होता.

म्हटलं, कोमट पाण्यात भिजवून पट्ट्या सोडवतो. कुसुमने चष्मा हातातून काढून घेतला.

"एकदा कापला, आता भिजवणार. हात लावायचा नाही. सोडवायचं ते डॉक्टर सोडवतील."

"मी शास्त्राचा..."

"म्हणून तर."

चष्मा तिने गव्हाच्या डब्यात ठेवलाय. झाकणावर पाटा.

शुक्र. २०

स. ८. नंबर ११ चा. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भिकामामा मागावरून रात्रपाळी करून आले, झोपले नाहीत, ओट्यावर बसून राहिलेत. म्हणाले, "मी काही बोलत नाही, बसतो फक्त." आणि खरंच बोलत नाहीत. बमरोलीत हे पहिल्यांदाच.

आंघोळ करून बाहेर आलो तर कुसुम घरात नाही. डबा उघडा. जिन्यावर वैशू बसलेली, बोट वर केलं.

गच्चीवर होती. मिलच्या धुराड्यांच्या वर ऊन आलेलं. कुसुम पूर्वेकडे तोंड करून, चष्मा डोळ्यांवर घट्ट दाबून उभी. ज्या कठड्याशी पंधरा पोरं उभी होती, त्याच कठड्याशी. मी ओरडलो, मिनिटभराच्या वर बघू नको, डोळे जातील! सवय आहे मास्तरकीची. तिने ऐकलं नाही.

जवळ गेलो. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"दिसतो का?"

"शे."

मी कठडा धरला. "कुठे? हाडाखाली? केवढा आहे?"

"सूर्य शे," ती म्हणाली. "लाल, गोल. तुम्ही म्हणत होते तसाच." चष्मा अजून डोळ्यांवर. दुसऱ्या हाताने तिने माझी बाही धरली, सोडली नाही. "जरा थांबा. अकराला अजून वेळ शे."